रात्री तीन वाजता पोटावर हात कोणाचा?

(गरोदरपण आणि बाळंतपणाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना प्रसूतिकक्षात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या सिस्टर उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी २९ वर्षांची आहे, पाथर्डी फाट्याला राहते. पहिलंच बाळंतपण, ३२वा आठवडा चालू आहे. माझी नणंद इंग्लंडला असते. तिच्या दोन्ही वेळेला मिडवाइफच होती, डॉक्टर दिसलासुद्धा नाही म्हणते. सासूबाई कळवणकडच्या, त्यांची चारही मुलं घरी सुईणीच्या हातची. मी नाव घातलंय तिथल्या मॅडम हुशार आहेत, पण तीन-चार मिनिटांत तपासून पुढचा नंबर घेतात. मागच्या वेळी म्हणाल्या, ‘बाळ मोठं वाटतंय, बघू, सिझर लागेल कदाचित.’ तेव्हापासून झोप उडाली आहे. मुंबईची एक मिडवाइफ घरी येऊन बाळंतपण करते, असं मैत्रिणीकडून कळलं. माझं बीपी ११०/७०, साखर नॉर्मल, बाळाचं डोकं खाली, वार वरच्या बाजूला, हिमोग्लोबिन १०.४. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, एक आठवडा आड रात्रपाळी असते. मी मिडवाइफ निवडू की डॉक्टर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरी लिहिते. रागावू नकोस.

आधी माझ्याबद्दल एक सांगते, म्हणजे पुढचं कुठून बोलते आहे ते कळेल. माझी आजी सुईण होती. पेठकडच्या पाड्यावर तिच्या हातून किती बायका मोकळ्या झाल्या त्याची मोजदाद नाही. आढ्याला दोर बांधायचा, बाईनं तो धरून उकिडवं बसायचं आणि आजीनं पाठीमागून कंबर दाबत राहायचं. पोटावर तेलाचा हात फिरवून बाळ आडवं आहे की पायाळू, हे ती सांगायची आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. एखादी आत्या-मावशी ‘जोर कर, जोर कर’ म्हणून ओरडायला लागली की तिला गप्प करायची. ‘कळ बाईची आहे, तुझी नाही.’ हे वाक्य मी पुढे सगळी नोकरीभर लेबर रूममध्ये मनात म्हणत आले.

पण त्याच आजीनं माझ्या मोठ्या भावाची नाळ भाताच्या विळ्यानं कापली आणि तो आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला. आईच्या अंगावर दूध होतं आणि बाळाचा जबडा उघडत नव्हता, एवढंच आई सांगायची, त्यापुढे बोलायची नाही. आजीला विळ्याचं आणि त्या जबड्याचं नातं कोणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या सासूबाईंची चारही मुलं सुखरूप झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण अशा गोष्टी सांगायला ज्यांचं निभावलं त्याच उरतात.

आता तुझा प्रश्न. तू मिडवाइफ आणि डॉक्टर अशी निवड मांडली आहेस. माझ्या कपाटात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा कागद आहे, त्यावर माझ्या दोन नोंदी आहेत. एक नर्स म्हणून आणि दुसरी मिडवाइफ म्हणून. जीएनएम या कोर्सचं पूर्ण नावच जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी आहे. एएनएममधला ‘एम’ही तोच. सरकारी दवाखान्यात साधी, अडचण नसलेली बहुतेक बाळंतपणं सिस्टरच्याच हातून होतात. खासगीतही डॉक्टर येतात ते बहुधा डोकं दिसायला लागल्यावर. त्याआधीचे आठ-दहा तास, कधी अख्खी रात्र, तुझ्याजवळ असते ती सिस्टर. तू नऊ महिने मॅडमना बघतेस, त्यांची डिग्री, त्यांचा स्वभाव, सगळं पारखतेस आणि रात्री तीन वाजता पोटावर हात ठेवून कळ मोजणारी बाई तू कधी बघितलेलीच नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की, तिला आधी बघ.

नणंदेचं खोटं नाही. इंग्लंडमध्ये सगळं ठीकठाक असलेल्या बाईला मिडवाइफच सांभाळते, बीपी चढलं, बाळाचे ठोके बिघडले, की मगच डॉक्टर. पण तिथली मिडवाइफ घरी आली तरी ती त्यांच्या सरकारी व्यवस्थेचाच भाग असते. रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन तिच्या पिशवीत असतं आणि कोणतं हॉस्पिटल उघडं मिळेल हे शोधत बसावं लागत नाही. एवढं असूनही तिथे ६४ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला आणि २०११ साली तो छापून आला. पहिलटकरणींपैकी ज्यांनी घरीच बाळंत व्हायचं ठरवलं होतं, त्यांतल्या शंभरातल्या ४५ जणींना कळा चालू असताना किंवा बाळ झाल्याबरोबर हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हॉस्पिटलात हजारी ५.३ होतं, घरी ९.३. दुसरेपणाच्या बायकांत मात्र हा फरक दिसला नाही आणि मिडवाइफनी चालवलेल्या प्रसूतिकेंद्रांत तर पहिलटकरणींनाही दिसला नाही. म्हणजे मिडवाइफमुळे बिघडत नव्हतं. पहिल्या खेपेला घर लांब पडत होतं.

आता पाथर्डी फाट्यावरून संध्याकाळी सात वाजता निघ आणि द्वारका चौक गाठून दाखव. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले, मिस्टर रात्रपाळीला. मुंबईच्या बाईंना कळा सुरू झाल्याचा फोन केला तर त्या कसारा घाट चढून येईपर्यंत काय करणार आहेस? म्हणून घरचं बाळंतपण नको. तुझ्या पहिल्या वेळेला तर नाहीच नाही, हे मी स्पष्ट सांगते.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हाची गोष्ट. दुसरेपणाची बाई, सगळं सुरळीत. बाळ रडलं, वार पडली, वार मी ट्रेमध्ये पसरून सगळी आली की नाही ते बघितलं, सगळी होती. सासरा पेढे आणायला गेला. मी बाळाला पुसून पंधरा मिनिटांनी बाईची चादर उचलली तर खाली मॅकिंटॉशवर, म्हणजे अंथरलेल्या रबरी कापडावर, रक्ताचं तळं. पोटावर हात ठेवला तर गर्भाची पिशवी हाताला लागेना. ती नारळासारखी टणक लागायला हवी, ती भिजवलेल्या कणकेसारखी झाली होती. आमची आयामावशी आवारापलीकडच्या डॉक्टरांच्या क्वार्टरकडे धावली. मी एका हातानं पिशवी चोळतेय, दुसऱ्यानं सलाईन मोकळं सोडतेय. बाई म्हणत होती, ‘सिस्टर, डोळ्यापुढे अंधारी येतेय.’ डॉक्टर अनवाणी आले. दोन मुठींत पिशवी दाबून धरली, एक आत, एक पोटावरून, आणि रक्त मंदावेपर्यंत सोडली नाही. ती बाई पुढे पेठच्या बाजारात मला भेटायची. ती वाचली ती डॉक्टर तीस पावलांवर होते म्हणून आणि चादर वेळेवर उचलली गेली म्हणून. असा रक्तस्राव अडवला नाही तर दोन तासांत बाई जाऊ शकते. तो कोणाला होईल हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं. बीपी ११०/७० असलं तरी नसतं.

आता दुसरी बाजू, कारण तुझी भीतीही खोटी नाही. माझी थोरली मुलगी एका खासगी हॉस्पिटलात दाखल झाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. लगेच कळांचं सलाईन लावलं आणि उताणं झोपवलं. जावयाला बाहेर बसवलं, मलाही. ३१ वर्षं ज्या दाराच्या आत काढली त्या दाराबाहेर मी बाकड्यावर बसून होते. सकाळी सहाला सांगितलं, प्रोग्रेस नाही, सिझर करतोय. मुलगी म्हणते, रात्रभरात एक मुलगी दोनदा येऊन सलाईन बघून गेली, तिच्याकडे मात्र कोणी बघितलं नाही. सिझर लागलंच नसतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सांगितलंय की खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटिमीटरपासून धरायच्या, आणि दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. पहिलटकरणीला पाचाच्या पुढे बारा तास लागले तरी ते नॉर्मलमध्येच बसतं. आई आणि बाळ ठीक असतील तर तीन सेंटिमीटरच्या बाईला चालू द्यावं, पाणी-पेज द्यावी, कंबर चोळावी. ते माझ्या मुलीला मिळालं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरात १४ सिझर निघाली आणि खासगीत ४७. सरकारीतल्या सगळ्याच जणींना हवं तेव्हा सिझर मिळतं असं नाही, हेही खरं. पण एवढा फरक बायकांच्या हाडांत नसतो.

बाळ ‘मोठं वाटतंय’ ते सध्या बाजूला ठेव. सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं आणि ३२व्या आठवड्याला त्यावरून सिझर ठरत नाही. साखर नॉर्मल आहे, हे त्याहून महत्त्वाचं. हिमोग्लोबिन मात्र वर आण, ११ तरी हवं. लोहाच्या गोळीचा डोस मॅडमना विचारून घे, गोळी लिंबूपाण्याबरोबर घे आणि तिच्या आगेमागे तासभर चहा नको. रक्तस्राव झालाच तर ज्या बाईकडे शिल्लक आहे ती टिकते.

मग करायचं काय? पुढच्या तपासणीला एकटी जाऊ नकोस, मिस्टरांना घेऊन जा आणि मॅडमना म्हण, मला पाच मिनिटं जास्तीची हवीत. विचार, रात्री लेबर रूममध्ये कोण असतं आणि त्या सिस्टर जीएनएम किंवा एएनएम झालेल्या, नोंदणी असलेल्या आहेत का. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर नसते, हे मी दुःखानं लिहिते. विचार, बाळाचे ठोके किती वेळानं ऐकता. कळा जोरात असताना अर्ध्या तासाच्या आत एकदा तरी, आणि जोर करायच्या वेळी दर पाच मिनिटांनी ऐकायला हवेत. विचार, भूलतज्ज्ञ रात्री किती मिनिटांत पोचतात, रक्त कुठून येतं, बाळाची वाट मोकळी करायला छेद सगळ्यांनाच देता की लागला तर, आणि कळांमध्ये मला उठून चालता येईल का. शेवटी विचार, माझ्याजवळ कोणी बसू शकेल का. या शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त किंमत देते. कळांमध्ये कायम कोणी सोबत असेल तर आपणहून बाळंत होणाऱ्या बायका वाढतात आणि कळांचा वेळही थोडा कमी होतो, असं २६ अभ्यासांतून, १५ हजारांहून जास्त बायकांवरून दिसलं आहे. त्याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतं ते आत येऊ देणं.

या प्रश्नांवर मॅडम चिडल्या तर ते तुला ३२व्या आठवड्यात कळलं, हे चांगलंच झालं. बदलायला वेळ आहे. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कथड्यातलं झाकीर हुसेन, नाशिकरोडचं बिटको, ही दारं तुझ्यासाठीही उघडी आहेत. २०११पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, एकदा जाऊन बघून ये. गर्दी आहे, आडोसा कमी आहे, हे लपवत नाही. पण तिथल्या सिस्टरच्या हाताखालून जितक्या बायका गेलेल्या असतात तितक्या लहान नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षांत जात नाहीत.

केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफची वेगळी फळी तयार करायचं ठरवलं. नोंदणी असलेल्या नर्सला १८ महिन्यांचं जादा शिक्षण, आणि हॉस्पिटलच्या आतच मिडवाइफनी चालवायचा कक्ष, डॉक्टर भिंतीपलीकडे. मला स्वतःला हीच रचना सगळ्यात शहाणी वाटते. आजीचा धीर आणि ते अनवाणी धावत आलेले डॉक्टर एकाच छपराखाली. तेलंगणानं यात आधी पाऊल टाकलं. तुझी तारीख मात्र कोणासाठी थांबणार नाही, म्हणून आहे त्यातूनच हे दोन्ही जुळवायचं.

बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, डोकं ठणकून डोळ्यापुढे चमकायला लागलं, अंगावरून लाल गेलं, बाळाची हालचाल मंदावली, किंवा ३७ आठवड्यांच्या आत पाणी गेलं, तर मिडवाइफ की डॉक्टर हा विचारच करायचा नाही, थेट हॉस्पिटल. मिस्टर रात्रपाळीला असतील त्या आठवड्यासाठी शेजारच्या कोणाला गाडीचं आधी सांगून ठेव आणि १०८ नंबर सासूबाईंच्या फोनमध्येही घाल.

---

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्या पाड्यावर एक म्हातारी सुईण आहे. बायकांचा तिच्यावर फार विश्वास. मी दवाखान्यात चला म्हणते, त्या म्हणतात, आजी हाय ना. आजीला थांबवू कशी?
— एक आशाताई

उत्तर : ताई, थांबवू नकोस. गाडीत बसव.

बायका दवाखान्याला का भितात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाषा वेगळी, ओळखीचं कोणी नाही, कोणी ओरडलं तर उलट बोलायची सोय नाही. आजी बरोबर आली तर यातलं अर्धं ओझं उतरतं. कळांमध्ये सोबतीण म्हणून बसणं, पाणी पाजणं, कंबर दाबणं, हे तिचं काम. नाळ, वार, इंजेक्शन हे सिस्टरचं काम. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करून बघितलं होतं. पहिल्या दिवशी आजीबाई दारातच उभ्या, आत यायला तयार नाहीत. मी त्यांना नळावर नेलं, साबणानं कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते माझे धुऊन दाखवले. त्यांनी बांगड्या काढून कनवटीला बांधल्या, हात धुतले आणि आत येऊन बाईच्या उशाशी बसल्या. चार तास त्या हलल्या नाहीत. बाळ झाल्यावर मी नाळ लगेच कापली नाही, एक-दोन मिनिटं थांबले, तर म्हणाल्या, ‘आम्ही बी वार पडेस्तोवर थांबायचो.’ ते त्यांचं बरोबर होतं आणि तसं मी त्यांना बाईसमोरच सांगितलं. त्यानंतर त्या पाड्यावरची बाई दवाखान्यात यायची तेव्हा पुढे आजी असायची.

तेव्हा आधी आजीला एकटीला आरोग्य केंद्रात घेऊन जा, सिस्टरशी ओळख करून दे, चहा पाज. डॉक्टरांना विचारून तिला आत बसायची परवानगी आधीच काढून ठेव. नाहीतर ऐन वेळी कोणीतरी तिला दाराबाहेर काढील आणि तुझी वर्षाची मेहनत पाण्यात जाईल. पावसाळ्यात नदी-ओहोळ आडवे येतात, तर तारीख जवळ आलेल्या बाईला दोन-चार दिवस आधीच अलीकडच्या नातेवाइकांकडे आणून ठेव. आणि आजीला एवढं एक पक्कं सांग. वार अर्ध्या तासात पडली नाही, किंवा लुगडं भिजून दुसरं बदलावं लागलं, तर अंगारा नको, वाट बघणं नको, १०८.